आईची चक्कर आणि अ‍ॅसिटिलकोलीन: कोलीनच्या कॅप्सूल द्यायच्या का?

कागलच्या एका ताईंचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही पुढचं समजेल. त्यांच्या आईचं वय ६४. सहा महिन्यांपूर्वी पहाटे उठताना अचानक सगळं घर गरगरायला लागलं, दोन दिवस उलट्या, अंथरुणातून उठता येईना. उजव्या कानाच्या तोलाच्या नर्व्हला सूज, म्हणजे व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस असं निदान झालं. त्यातून उठल्या, पण अजून झटकन वळलं की झोक जातो, रात्री अंधारात बाथरूमला जायला भीती वाटते, आणि तेव्हापासून रोज रात्री ॲव्होमिन या चक्कर-उलटीच्या औषधाची एक गोळी मेडिकलमधून आणून चालूच आहे कारण 'त्यानं बरं वाटतं'. आता बी-फार्म करणाऱ्या भाच्यानं सांगितलंय की आतल्या कानाचा तोल अ‍ॅसिटिलकोलीनच्या रिसेप्टरवर (नर्व्हच्या टोकाला सुटणारं हे केमिकल जिथं चिकटतं, त्या पेशीवरच्या कुलपांवर) चालतो, मावशीचं तेच केमिकल कमी पडत असणार, ते ज्यापासून बनतं त्या कोलीनच्या कॅप्सूल चालू करा. तर द्यायच्या का? आणि धाकट्या मुलाला घाटात हमखास उलटी होते, त्याचाही याच्याशी काही संबंध आहे का?

ताई, मी कोल्हापुरात कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करतो, २२ वर्षं झाली, आणि त्यातला बराच वेळ चक्करच्या पेशंटबरोबरच जातो. आधी उत्तर सांगून टाकतो. कॅप्सूल नकोत. भाचा हुशार आहे, तो म्हणतो ते रिसेप्टर खरोखरच आतल्या कानात आहेत, पण ते तिथं काय काम करतात हे त्याच्या नोट्समध्ये आलेलं दिसत नाही. आईंचं अ‍ॅसिटिलकोलीन कमी पडलंय असं मानायला काही आधार नाही, उलट रोज रात्री जी गोळी जातीय तीच अ‍ॅसिटिलकोलीनच्या काही रिसेप्टरना कुलूप लावणारी आहे. म्हणजे कॅप्सूल सुरू केली तर एका हातानं कुलूप लावायचं आणि दुसऱ्या हातानं तेच दार ढकलत बसायचं असं होईल. हे असं का, ते जरा नीट सांगतो, कारण हे कळलं की आईंना व्यायाम करायला लावताना तुमचाही जीव कमी तुटेल.

आत्ता वाचता वाचताच एक करून बघा. मोबाईल हातभर अंतरावर धरा, डोकं स्थिर ठेवा आणि मोबाईल डावी-उजवीकडं भराभर हलवा. अक्षरं पुसट होतात, वाचता येत नाही. आता मोबाईल स्थिर धरा आणि तेवढ्याच वेगानं मान हलवा, आपण नाही-नाही म्हणताना हलवतो तशी. अक्षरं वाचता येतात ना? डोळे तेच, अक्षरं तीच, वेगही तोच, पण दुसऱ्या वेळी तुमच्या आतल्या कानानं मेंदूला कळवलं की मान अमुक दिशेला अमुक वेगानं वळतीय, आणि मेंदूनं डोळे बरोबर तेवढेच उलट्या दिशेला फिरवले. हे सगळं ७ ते १० मिलिसेकंदांत होतं, पापणी लवायलासुद्धा याच्या दहापट वेळ लागतो. आईंना हेच करायला सांगितलं तर मान उजवीकडं वळवताना अक्षरं उडतील. मी तपासताना पेशंटचं डोकं दोन्ही हातात धरतो, माझ्या नाकाकडं बघत राहा म्हणतो आणि मान छोट्याशा झटक्यानं वळवतो. कान चांगला असेल त्या बाजूला नजर नाकावर खिळलेली राहते, अधू बाजूला मात्र डोळे डोक्याबरोबर वाहत जातात आणि क्षणभरानं टुणकन उडी मारून परत नाकावर येतात. ती इवलीशी उडी एकदा दिसली की निदानाचं निम्मं काम झालं. हॅल्माग्यी आणि कर्थॉईस यांनी १९८८ मध्ये ही तपासणी मांडली, काही मशीन लागत नाही, दोन हात आणि लक्ष पाहिजे.

आता कानाच्या आत. प्रत्येक बाजूला तीन अर्धगोल नळ्या आहेत, त्या मान वळल्याचं सांगतात, आणि दोन पिशव्या आहेत त्या खाली-वर, पुढं-मागं, गुरुत्वाकर्षणाची दिशा हे सांगतात. आत पाणी, आणि त्यात केसासारखे तुरे असलेल्या पेशी, हेअर सेल. पाणी हललं की तुरे वाकतात, तुरे वाकले की पेशीच्या तळातून एक केमिकल सुटतं आणि नर्व्हला सिग्नल जातो. हे केमिकल म्हणजे ग्लुटामेट. अ‍ॅसिटिलकोलीन नाही. भाच्याची पहिली गल्लत इथं झाली. कानाकडून मेंदूकडं जाणारा निरोप अ‍ॅसिटिलकोलीन नेतच नाही.

हा निरोप कधी बंद नसतो हेही लक्षात ठेवा. माणसाच्या एका बाजूच्या तोलाच्या नर्व्हमध्ये साधारण १८ ते २० हजार तंतू असतात आणि डोकं अगदी स्थिर असतानासुद्धा ते धडधडत असतात, माकडात मोजलेला आकडा सेकंदाला सुमारे ९० ठोके इतका आहे. उजवीकडं वळलं की उजव्याचे ठोके वाढतात, डाव्याचे कमी होतात, मेंदू दोन्हीतला फरक बघतो. आईंच्या उजव्या नर्व्हला सूज आली त्या पहाटे उजवीकडचा ठोका जवळजवळ बंद पडला आणि डावीकडचा चालूच राहिला. मेंदूच्या हिशोबानं डोकं डावीकडं गरागरा फिरत होतं, प्रत्यक्षात त्या गादीवर पडलेल्या होत्या. 'डॉक्टर, सगळं घर फिरतंय बघा' असं पेशंट म्हणतात ते म्हणूनच अगदी खरं असतं, त्यांच्या मेंदूला तसाच निरोप मिळत असतो.

मग अ‍ॅसिटिलकोलीन कुठं आलं? कानाकडून मेंदूकडं जाणाऱ्या तारा सगळ्यांना माहीत असतात, पण मेंदूकडून कानाकडं उलट्या येणाऱ्या तारा पण आहेत. मेंदूच्या देठात, डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या नर्व्हचं जे केंद्र आहे त्याच्या शेजारी, प्रत्येक बाजूला काहीशे पेशींचा एक पुंजका आहे. वर जाणारे तंतू हजारोंनी आणि खाली येणारे एवढेसेच, पण या थोड्याशा तारा कानात पोचल्यावर इतक्या फांद्या फोडतात की जवळपास सगळ्या भागाला त्यांचा हात लागतो. त्या टोकाला सोडतात ते मुख्य केमिकल म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. म्हणजे भाच्याचे रिसेप्टर हेच, पण ते मेंदूनं कानाला पाठवलेली सूचना ऐकण्यासाठी बसवलेले आहेत.

मी पेशंटला हलगीचं उदाहरण देतो. खासबागेत कुस्त्या बघितलेल्या माणसाला ते लगेच पटतं. हलगीवाला वाजवायच्या आधी जाळावर कातडं तापवतो, ताणून घेतो, मग टिपरी पडली की आवाज खणखणीत येतो. वाजवता वाजवता कधी बोटं टेकवून तोच आवाज दाबतो. जाळ म्हणजे काही आवाज नव्हे, दाबणारी बोटंही आवाज नव्हेत, पण आवाज कसा निघणार हे त्यांच्यावर ठरतं. कानात टिपरीचा ठोका म्हणजे ग्लुटामेट. कातडं तापवणं आणि बोटांनी दाबणं, ही दोन्ही कामं अ‍ॅसिटिलकोलीन करतं. एकच केमिकल दोन उलटी कामं कसं करतं? रिसेप्टर वेगवेगळे आहेत म्हणून. कुलपं वेगळी, किल्ली एक.

दाबणारं कुलूप आधी बघू कारण ते मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतं. हेअर सेल दोन प्रकारच्या असतात. टाईप १ ला नर्व्हचं टोक पेल्यासारखं गुंडाळून बसलेलं असतं त्यामुळं मेंदूकडून आलेली तार पेशीपर्यंत पोचत नाही, पेल्याच्या बाहेरच्या अंगाला टेकते. टाईप २ ला असा पेला नाही, तिथं तार थेट पेशीला भिडते, आणि त्या जागी जो रिसेप्टर आहे तो अल्फा-९ आणि अल्फा-१० या दोन तुकड्यांनी बनलेला. अर्जेंटिनाच्या आना बेलेन एल्गोयेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्फा-९ १९९४ मध्ये ओळखला, अल्फा-१० २००१ मध्ये. हा निकोटिनिक घराण्यातला रिसेप्टर, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन चिकटलं की दार उघडतं आणि कॅल्शियम आत येतं. आता कॅल्शियम आत आलं म्हणजे पेशी जास्त उत्तेजित व्हायला पाहिजे ना? पण त्या दाराला लागूनच पोटॅशियमचं दुसरं दार असतं, एसके-२ म्हणतात त्याला, ते कॅल्शियमनं उघडतं आणि भराभर पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी शांत होते, ग्लुटामेट कमी सुटतं. थोडं आत घेऊन जास्त बाहेर घालवलं, आणि परिणाम झाला दाबण्याचा. त्याहून विशेष म्हणजे निकोटिनिक घराण्यातला असून निकोटिननं तो उघडत नाही, उलट बंद पडतो. कुचल्यातलं स्ट्रिक्निन आणि धोतऱ्यातलं ॲट्रोपिन, ही पण प्रयोगशाळेत त्याला बंद करतात. या घराण्यातले बाकीचे असे वागत नाहीत. भाच्याला हे जरूर सांगा, पुस्तकातला 'निकोटिनिक म्हणजे निकोटिननं चालू होणारा' हा नियम इथं मोडतो.

तापवणारी कुलपं नर्व्हच्या टोकांवर असतात, पेल्यावर आणि टाईप २ च्या बटणासारख्या टोकांवर. त्यातली काही निकोटिनिकच पण वेगळ्या तुकड्यांची, अल्फा-४ बीटा-२ सारखी, ती झटपट काम करतात, नर्व्हला लगेच चालना. दुसरी मस्करिनिक, मस्करिन हे नाव एका विषारी अळंबीवरून आलं, ती सावकाश काम करतात. नर्व्हच्या भिंतीत पोटॅशियमच्या काही गळत्या असतात ज्यामुळं नर्व्ह थोडी सैल राहते, मस्करिनिक रिसेप्टर चालू झाला की या गळत्या बुजतात, मग तेवढाच ठोका बसला तरी नर्व्ह पटकन वाजते. हे कातडं तापवण्यासारखंच, तापायला वेळ लागतो आणि तापलेलं काही वेळ तसंच राहतं, परिणाम कित्येक सेकंद टिकतो. गोल्डबर्ग आणि फर्नांडेझ यांनी १९८० मध्ये स्क्विरल मंकी जातीच्या माकडांत या उलट्या तारांना वीज देऊन बघितली तेव्हा नर्व्हचे ठोके वाढलेच, आणि वाढीचे दोन भाग दिसले, एक झटपट, एक रेंगाळणारा. जे तंतू वेगवान हालचालीला जास्त ताजेपणानं उत्तर देतात त्यांच्यात ही वाढ मोठी होती. टोडफिश नावाच्या माशात तर नुसता स्पर्श केला तरी या तारा जाग्या होतात, म्हणजे हलायच्या आधीच कान तयार ठेवण्याचा प्रकार.

इथंवर आलात तर भाच्याचा मुख्य मुद्दा तपासता येतो, की हे रिसेप्टर नीट चालले नाहीत म्हणून तोल जातो का? अल्फा-९ मुळातच नसलेले उंदीर तयार केलेले आहेत. ते काही पिंजऱ्यात कोलमडून पडत नाहीत, बघणाऱ्याला साधे उंदीरच वाटतात. पण मघाशी मोबाईल धरून आपण जो डोळे-कानाचा मेळ बघितला तो मेळ नव्यानं शिकवायला गेलं तर हे उंदीर कमी शिकतात, आणि एका बाजूचा कान निकामी केला तर त्यांची भरपाई इतर उंदरांच्या मानानं कमी पडते. मला यातून आईंच्या कामाची गोष्ट दिसते ती ही, की या रिसेप्टरचं नातं बिघाडापेक्षा बिघाडानंतरच्या शिकण्याशी जास्त आहे. आणि शिकणं कॅप्सूलमधून येत नाही, मान हलवल्यानं येतं, चुकीचा निरोप मेंदूला पुन्हा पुन्हा दिसल्यानं येतं. मेंदूकडून कानाला सूचना कधी आणि कुठल्या टोकाला जायची हे ठरलेलं असतं, सोडलेलं अ‍ॅसिटिलकोलीन जागच्या जागी मोडून टाकणारं एन्झाईम तिथंच बसलेलं असतं. सगळ्या अंगात कच्चा माल ओतून ती वेळ आणि ती जागा साधता येत नाही.

कोलीनबद्दल एवढंच. अ‍ॅसिटिलकोलीन नर्व्हच्या टोकाला तिथल्या तिथं बनतं, कोलीन आणि अ‍ॅसिटाईल-कोए या पेशीतल्या रसायनापासून. अंडी, कलेजी, सोयाबीन, शेंगदाणे यातून कोलीन मिळतं, आपल्याकडं जेवण नीट असलेल्या माणसाला ते पुरतं. महागड्या कॅप्सूलनं तोल सुधारतो असं सिद्ध झालेलं नाही, जास्त डोसनं मात्र अंगाला माशासारखा वास, घाम, बीपी उतरणं हे होऊ शकतं, आणि ६४ वर्षांच्या, आधीच झोक जाणाऱ्या बाईचं बीपी उतरणं आपल्याला नकोय.

आता रात्रीची गोळी. ॲव्होमिन म्हणजे प्रोमेथाझीन, हिस्टामिन नावाच्या दुसऱ्या केमिकलचे आणि मस्करिनिक, दोन्ही रिसेप्टर बंद करणारं. न्यूरायटिसच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत अशी औषधं द्यावी लागतात, मी पण देतो, पेशंट ओकून ओकून अर्धमेला झालेला असतो, त्याला पाण्याचा घोट तरी पोटात ठरला पाहिजे. ही औषधं मुख्यतः मेंदूतल्या तोलाच्या केंद्रांवर काम करतात. पण त्या दोन-तीन दिवसांनंतर चित्र पालटतं. उजवा कान गप्प झालाय, तर डाव्याच्या जोरावर आणि डोळ्यांच्या, पायांच्या मदतीनं नवा हिशोब मांडायला मेंदूला जागं राहावं लागतं, चूक दिसावी लागते, थोडं गरगरावंही लागतं. तुम्ही रोज रात्री त्यालाच पांघरूण घालताय. बरं वाटतं हे खरं, खोटं म्हणत नाही, पण ते चक्कर दबल्यानं वाटतं, तोल सुधारल्यानं नाही. शिवाय या वयात मस्करिनिक रिसेप्टर बंद राहिले की तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, लघवी अडकणं, जवळचं धूसर, काचबिंदूच्या काही प्रकारात डोळ्याचा दाब वाढणं, सकाळी सुस्ती आणि विसराळूपणा, हे सगळं येऊ शकतं. रात्री अंधारात बाथरूमला जाताना झोक जातो म्हणालात, त्यात या सुस्तीचा वाटा किती ते गोळी कमी झाल्यावरच कळेल.

काही महिन्यांपूर्वी एक आजोबा आले होते, सत्तरीच्या पुढचे, मुलगा बरोबर. मी नेहमी सांगतो तसं घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीतनं आणल्या होत्या, टेबलावर ओतल्या आणि एकेक स्ट्रिप वेगळी केली. त्यात विसराळूपणावरची डोनेपेझिल होती, जी अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारं एन्झाईम अडवून ते वाढवते, आणि चक्करसाठीची प्रोमेथाझीन होती, जी त्याच्याच रिसेप्टरना बंद करते, आणि वर लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, ती पण बंद करणारीच. तिन्ही गोळ्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या त्रासासाठी, आपापल्या जागी बरोबर लिहिलेल्या, पण एकत्र कुणी बघितल्याच नव्हत्या. आजोबांना तर बसल्यावरून उठलं की अंधारी यायची. डोनेपेझिलनं नाडी मंदावू शकते, ती मोजली तर ४८ होती. त्यांचा कान अगदी ठणठणीत होता. आधी हृदयाच्या डॉक्टरांकडं पाठवलं, मग तिघांनी मिळून गोळ्या लावल्या. चक्करच्या पेशंटची पिशवी बघितल्याशिवाय मी आता नवी चिठ्ठी लिहीत नाही.

चक्करसाठी मिळणारी व्हर्टिन म्हणजे बीटाहिस्टिन, ही वेगळी आहे, ती हिस्टामिनच्या रिसेप्टरवर काम करते, अ‍ॅसिटिलकोलीनला कुलूप लावत नाही. स्टेमेटिल मेंदूतल्या डोपामिन नावाच्या केमिकलच्या रिसेप्टरवर काम करते, महिनोन्‌महिने घेतली तर हात थरथरणं, अंग ताठरणं होऊ शकतं. 'चक्करची गोळी' असं एकच काही नसतं, म्हणून शेजारच्या काकूंना लागू पडलेली आईंना देऊ नका.

भाच्यानं मायस्थेनियाचं नाव काढलं तर त्याला सांगा, त्या आजारात शरीर स्वतःच्या स्नायूंवरच्या अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टरवर हल्ला करतं, ते वेगळ्या तुकड्यांचे, कानातले वेगळे. मायस्थेनियात एकाचे दोन दिसतात, आणि पेशंट त्यालाच कधीकधी 'चक्कर येतीय' म्हणतात, एवढाच गोंधळ होतो.

दोन गोष्टी आपल्या भागाच्या आहेत म्हणून जरा थांबून सांगतो. एक मिश्री. खेड्यातनं येणाऱ्या कितीतरी बायका मला सांगतात, मिश्री लावली की डोकं जागेवर येतं, गरगर थांबते. तंबाखूतलं निकोटिन मेंदूतले आणि नर्व्हच्या टोकांवरचे निकोटिनिक रिसेप्टर चालू करतं आणि हेअर सेलवरचा अल्फा-९ बंद करतं, म्हणजे एकाच कानात कुठं तापवणं आणि कुठं दाबायची बोटं काढून घेणं, सगळा सूर बिघडवायचा प्रकार. निकोटिननं डोळे थरथरतात हे तपासणीत दिसतं, म्हणून डोळ्यांची टेस्ट असेल त्या दिवशी मिश्री, तंबाखू, बिडी काही नको असं मी बजावून सांगतो. सवय असलेलीला बरं वाटतं कारण तलफ भागते. नवख्या माणसानं तंबाखू तोंडात धरली की कसं भोवंडतं ते सगळ्यांनी बघितलंय. ओल्या तंबाखूच्या पानात काम करताना तर कातडीतनंच निकोटिन आत जातं आणि चक्कर-उलटी होते, निपाणी भागातून येणाऱ्या पेशंटला मी कामाबद्दल मुद्दाम विचारतो.

दुसरं, फवारणी. ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारं एन्झाईमच मारतात, मग सगळ्या अंगात अ‍ॅसिटिलकोलीन साचतं. फवारून घरी आलेल्या माणसाला चक्कर, त्याबरोबर घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या, दम लागणं किंवा अंग फडफडणं असं काही असेल तर तो कानाचा आजार नाही, तडक मोठ्या दवाखान्यात न्या, तासभर वाट बघू नका, तिथं ॲट्रोपिन देतात ते याच मस्करिनिक रिसेप्टरना कुलूप लावण्यासाठी. जाताना औषधाची बाटली बरोबर न्या. ज्यांना भाचा म्हणतो तसं 'अ‍ॅसिटिलकोलीन वाढलं की चांगलं' वाटतं त्यांनी हा पेशंट एकदा बघितलेला असावा.

आता आईंसाठी. गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, तुमच्या डॉक्टरांकडं जा, सहा महिने रोज चालू आहे हे स्पष्ट सांगा, ते कमी कशी करायची ते लावून देतील. पहिले काही दिवस जरा जास्त डगमगेल, आईंना ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरून परत गोळीकडं वळतील. त्याच भेटीत डॉक्टरांना बीपी झोपून आणि उभं राहून मोजायला सांगा, आणि कूस बदलताना काही सेकंदांची गरगर येते का तेही सांगा, कारण न्यूरायटिसनंतर कानातले कॅल्शियमचे खडे सुटायचं प्रमाण बऱ्यापैकी असतं आणि ते गोळीनं नाही, डोकं ठराविक पद्धतीनं फिरवून पाच-दहा मिनिटांत जागेवर बसवता येतात.

व्यायाम असा. आईंना भिंतीला टेकून खुर्चीत बसवा, हात लांब करून अंगठा उभा धरायचा, नखाकडं बघत मान डावी-उजवीकडं हलवायची, नख स्पष्ट दिसेल तेवढ्याच वेगानं. नख पुसट व्हायला लागलं की वेग किंचित कमी. एक-एक मिनिट करायचं, मध्ये थांबायचं, असं दिवसातून तीन-चार वेळा बसून सगळी मिळून वीस मिनिटं भरली पाहिजेत. आठवड्यानं तेच उभं राहून, तुम्ही शेजारी. मग मान वर-खाली. मग चालता चालता, सकाळी रस्ता मोकळा असताना, मधेच उजवीकडं दुकानाच्या पाटीकडं बघायचं, मग डावीकडं. थोडं गरगरलं पाहिजे, ओकारी येईपर्यंत नाही. चार ते सहा आठवडे नेटानं, एक दिवसही न चुकवता. माझ्याकडं एक पैलवान होता, उजवा कान असाच गेलेला, तालमीत परत कधी उतरेन म्हणून रडला होता, त्याला पहिले दोन आठवडे अंगठ्याकडं बघण्यात काही अर्थच वाटेना, पाचव्या आठवड्यात लाल मातीत उभा राहून मान फिरवत होता आणि त्याचा वस्ताद शेजारी बसून मिनिटं मोजत होता. घरात कुणीतरी असं मिनिटं मोजणारं लागतं, ताई, ते तुम्ही व्हा. आणि रात्री बाथरूमच्या वाटेवर एक छोटा दिवा चालू ठेवा, अधू कानाला डोळ्यांची मदत लागते.

चक्करबरोबर कधी बोबडं बोलणं, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं, हातापायातली ताकद जाणं, किंवा आधाराशिवाय बसताही न येणं असं झालं तर व्यायाम-बियाम बाजूला, लगेच दवाखाना, तो मेंदूचा झटका असू शकतो.

राहिला मुलगा. गाडी लागणं हा आजार नाही, त्याचा कान चांगला आहे म्हणूनच लागते, ज्यांच्या दोन्ही कानांचा तोल पूर्ण गेलेला असतो त्यांना गाडी लागत नाही. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना कान सांगतो वळतोय, वळतोय, आणि मुलाचे डोळे मोबाईलवर असतात, ते सांगतात सगळं स्थिर आहे. हा मेळ बसत नाही आणि त्यात मेंदूतल्या मस्करिनिक आणि हिस्टामिन रिसेप्टरचा हात असतो, म्हणून इथं मात्र ॲव्होमिन योग्य जागी आहे, प्रवासापुरती. स्कोपोलामिनचा पॅच कानामागं लावतात तो पण असाच, कानात जात नाही, कातडीतून रक्तात आणि तिथनं मेंदूत जातो. हेच स्कोपोलामिन धोतऱ्यातही असतं, पण कुणी सांगितलं म्हणून धोतऱ्याचं बी किंवा पान पोटात देऊ नका, डोस हाताबाहेर जातो आणि माणूस भ्रमिष्ट होतो, जीवही जातो. मुलाचा डोस वजन-वयावरून बालरोगतज्ज्ञ सांगतील, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर ही गोळी द्यायचीच नाही. एसटीत मागच्या चाकावरची सीट नको, पुढची घ्या, समोरच्या काचेतनं रस्ता दिसेल अशी, पोट रिकामं नको आणि तट्टही नको. गोळी गाडीत बसायच्या आधी, उलटी सुरू झाल्यावर दिली तर ती पोटात राहतच नाही. आणि पहिलं वळण यायच्या आधी मोबाईल त्याच्या हातातून काढून घ्या, लांबच्या डोंगराकडं बघत बस म्हणा.